हात बसेपर्यंत

जून २०२४ मध्ये, शाळा सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा चौथीतल्या एका मुलाने विचारलं, "बाई, कॉम्प्युटरच्या तासाला आपण कॉम्प्युटरचं चित्रच का काढतो?" वहीत मॉनिटर, कीबोर्ड, माउस काढायचा, बाण करून नावं लिहायची, हा आमचा कित्येक वर्षांचा पाठ. मी त्याला काहीतरी उत्तर दिलं, पण ते मलाच पटलं नाही. त्याच आठवड्यात यू-डायसच्या, म्हणजे शाळेने सरकारला दरवर्षी द्यायच्या माहितीचा कच्चा तक्ता भरत होते. चालू स्थितीतले संगणक किती, यापुढे शून्य लिहिलं आणि तसाच तक्ता घेऊन मोठ्या बाईंकडे गेले.

आमची शाळा पुण्यातल्या नदीकाठच्या पेठेतली. मराठी माध्यम, अनुदानित, पहिली ते चौथी. आठ शिक्षक, एक मोठ्या बाई, दोनशेच्या आतबाहेर मुलं. पालक कुणी मंडईत, कुणी दुकानात, कुणी रिक्षावर, बऱ्याच आया घरकामाला. १५ जून २०२४ ते १ मे २०२५ या एका वर्षात आम्ही संगणक खोली उभी केली आणि आम्ही व मुलं ती वापरायला शिकलो. अशाच एखाद्या शाळेतली बाई हे करायला निघाली असेल तर तिला वाट थोडी ओळखीची वाटावी, म्हणून तारखा, खर्च, अडलेलं-सुटलेलं सगळं लिहिते आहे.

सुरुवात नवीन घेण्यापासून झाली नाही, जुनं काढण्यापासून झाली. तळमजल्यावरच्या खोलीत सात जुने संगणक कापड घालून ठेवलेले होते. एकही चालू होत नव्हता. पण ते जडवस्तू नोंदवहीत होते, म्हणजे उचलून भंगारात देता येत नव्हते. आधी निर्लेखन, म्हणजे नोंदवहीतून रीतसर कमी करणं, करावं लागतं. २८ जूनला मी पहिला अर्ज लिहिला. मग दुरुस्ती परवडणार नाही असा तंत्रज्ञाचा लेखी शेरा, शाळा व्यवस्थापन समितीपुढे विषय, संस्थेचा ठराव, तीन दरपत्रकं. दरपत्रकं नेहमीच्या भंगारवाल्याची चालत नाहीत, ई-कचरा उचलण्याचा परवाना असलेल्यांचीच लागतात. मधे एकदा ठरावात वस्तूंचे नोंदवहीतले अनुक्रमांक लिहायचे राहिले, म्हणून तो परत आला आणि पुढच्या सभेपर्यंत तीन आठवडे गेले. शेवटी ६ सप्टेंबरला, गणपतीच्या आदल्या दिवशी, टेम्पो आला. १,९०० रुपये मिळाले. पावती आणि विल्हेवाटीचं प्रमाणपत्र नोंदवहीतच चिकटवून टाकलं. तुमच्याकडे असं जुनं सामान असेल तर हे काम पहिल्या दिवशीच हातात घ्या. बाकी सगळं पुढे सरकतं आणि हे मागे राहून खोली अडवून बसतं.

खोलीचं मात्र पावसानेच ठरवलं. २५ जुलैला पुण्यात मुठेला पूर आला, ते सगळ्यांना आठवत असेल. भिडे पूल पाण्याखाली, शाळांना सुट्टी. दुसऱ्या दिवशी आम्ही आलो तर तळमजल्यावरच्या त्या खोलीच्या भिंती दोन फुटांपर्यंत ओल्या होत्या आणि फरशीवर गाळाचा पातळ थर होता. मोठ्या बाई दारात उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "बरं झालं, आत्ताच कळलं." पहिल्या मजल्यावरचा चित्रकलेचा वर्ग संगणकांना द्यायचा आणि चित्रकला सभागृहात न्यायची, हे त्याच दिवशी ठरलं.

पैशांसाठी पहिला विचार आला तो नगरसेवक निधीचा. पण महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्येच संपलेली, नगरसेवकच नव्हते. दुसरी वाट एका पालकांनी दाखवली. ते ज्या कंपनीत सुरक्षारक्षक आहेत, तिथे दर काही वर्षांनी लॅपटॉप बदलतात आणि जुने शाळांना देतात. आम्ही २ जुलैला पत्र दिलं. कंपनीकडून कागदांची यादी आली: संस्थेचं नोंदणीपत्र, आयकर सवलतीची १२-अ आणि ८०-जी प्रमाणपत्रं, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, शाळेचा यू-डायस क्रमांक आणि सीएसआर-१ क्रमांक. पहिल्या चार गोष्टी कपाटात होत्या. सीएसआर-१, म्हणजे कंपन्यांची सामाजिक मदत घेण्यासाठी संस्थेने करायची नोंदणी, आमच्या संस्थेने कधी केलेलीच नव्हती.

हा अर्ज कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर भरतात. त्यावर सीएची आणि एका विश्वस्ताची डिजिटल सही लागते. आमचे चिटणीस ८२ वर्षांचे. डिजिटल सही काढताना फोनवर व्हिडिओ करून ओळख पटवावी लागते. चेहरा नीट दिसला पाहिजे, पॅन कार्ड हातात धरायचं आणि नाव सांगायचं. मी त्यांच्या घरी गेले. खिडकीशी खुर्ची ठेवली. पहिले दोन प्रयत्न उजेड कमी म्हणून नाकारले गेले. तिसऱ्या वेळी त्यांनी चष्मा काढून ठेवला, पाठ ताठ केली आणि वर्गात हजेरी द्यावी तसं स्वच्छ आवाजात नाव सांगितलं. मान्य झाल्याचा संदेश आला तेव्हा त्यांनी मला विचारलं, "आता ही माझी सही कुठे असते?" मी त्यांना ती पेनड्राइव्हसारखी वस्तू दाखवली. त्यांनी ती पाकिटात घातली, पाकिटावर तारीख लिहिली आणि कपाटात कुलपाखाली ठेवली. सही आणि सीए मिळून ४,५०० रुपये लागले. क्रमांक हातात यायला गणपती होऊन गेले.

हे कागद फिरत असताना हातावर हात ठेवून बसायचं नाही असं मी ठरवलं होतं. मुलांना शिकवायचं तर आधी आम्हा शिक्षकांना यायला हवं. ३ ऑगस्टपासून दर शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास, हे मोठ्या बाईंनी मान्य केलं. पहिल्या शनिवारी मी तयारीने गेले. प्रोजेक्टर लावला, संगणकाचे प्रकार, भाग, स्मृती म्हणजे काय, असं सगळं बोलले. पंधरा मिनिटांत दोघींनी वह्या तपासायला काढल्या. मला वाईट वाटलं, पण घरी जाताना लक्षात आलं, मी त्यांच्यापुढेही कॉम्प्युटरचं चित्रच काढलं होतं.

दुसऱ्या शनिवारी फळ्यावर एवढंच लिहिलं: तुमचं अडलेलं एक काम आणा. तिसरीच्या बाईंना बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपवर उघडायचा होता, फोन सारखा जागा नाही म्हणत होता. सरांना गुणपत्रकाची बेरीज आपोआप यायला हवी होती. दुसरीच्या बाईंना मुलीला परगावी पाठवायचा एक फॉर्म पीडीएफ करायचा होता. शाळेचं काम नव्हतं ते, पण मी मुद्दाम तेच आधी घेतलं. त्यानंतर वह्या तपासायला कुणी काढल्या नाहीत.

त्या शनिवारी एक नियम केला, तो वर्षभर पाळला: शिकवणाऱ्याने हात पाठीमागे बांधायचे. समोरच्याकडून चुकलं की आपण पटकन फोन घेतो, करून देतो आणि म्हणतो, "हे बघा, असं." त्यात समोरच्याला काहीही दिसत नाही. हात मागे ठेवले की तोंडाने सांगावं लागतं, आणि सांगताना आपल्यालाच कळतं की आपण किती पायऱ्या गाळत होतो.

पहिलीच्या बाईंबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. त्यांची ३१ वर्षं नोकरी झालेली, ऑक्टोबर २०२५ मध्ये निवृत्ती. मुलांना अक्षर शिकवावं तर त्यांनीच. पण फोनवर बोट टेकवलं की चटका बसल्यासारखं उचलायच्या. त्यामुळे जिथे दाबून धरायचं असतं तिथे काहीच व्हायचं नाही. "माझ्या हातून काहीतरी उडेल," हे वाक्य मी त्यांच्याकडून शंभरदा ऐकलं. एका शनिवारी मी त्यांच्यासाठी एक खोटी यादी केली, वीस काल्पनिक मुलांची, आणि म्हटलं, "बाई, आज ही उडवायचीच." त्यांनी ती पुसली. मग पूर्ववत कसं करायचं ते केलं, यादी परत आली. पुन्हा पुसली, पुन्हा आणली. सात-आठ वेळा. त्यानंतर त्यांनी शंभर पानी वही आणली आणि प्रत्येक काम स्वतःच्या शब्दांत पायरी-पायरीने लिहायला लागल्या. आज त्या वहीची झेरॉक्स आम्हा सगळ्यांकडे आहे. मी लिहिलेल्या टिपणांपेक्षा ती कितीतरी उपयोगी आहे, कारण तिच्यात "कोपऱ्यातले तीन ठिपके" असं लिहिलंय, मेनू असं नाही.

९ ऑक्टोबरला लॅपटॉप आले. १४. खोके उघडताना सगळ्या शिक्षिका जमल्या होत्या. बटण दाबलं तर पडद्यावर काळ्यावर पांढरी इंग्रजी ओळ. कंपन्या माहिती बाहेर जाऊ नये म्हणून साठवणीची डिस्क काढून घेऊनच लॅपटॉप देतात, हे मला ठाऊक नव्हतं. पत्र देताना हे विचारून घ्या, खर्चाचा मोठा भाग इथेच येतो. दोन लॅपटॉप दुरुस्तीपलीकडचे निघाले, ते सुट्या भागांसाठी ठेवले. उरलेल्या १२ साठी एसएसडी, म्हणजे साठवणीची नवी डिस्क, १,६५० रुपयांची एक, म्हणजे १९,८००. आठांना जादा रॅम, ७,६००. मुलांची बोटं टचपॅडवर टिकत नाहीत म्हणून १२ माउस, ३,१२०. वीजकाम २३,४००: वेगळी लाइन, अर्थिंग, एमसीबी, प्लगपॉइंट. वायर आणि पट्ट्या मी आणि सर स्वतः तपकीर गल्लीत जाऊन घेऊन आलो. अर्थिंगमध्ये काटकसर करू नका. जुन्या इमारतीत ते असतंच असं नाही, आणि तिथे लहान मुलं बसणार आहेत. सहीसकट सगळा हिशोब ५८,४२० रुपयांवर गेला. माजी विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने ४०,००० दिले, जुन्या संगणकांचे १,९०० होते, १६,५२० संस्थेने घातले. पालकांकडून काही घेतलं नाही. इंटरनेटचे दरमहा करासह ७०७ रुपये वेगळे.

हे लॅपटॉप जुने असल्यामुळे त्यांवर विंडोज ११ बसत नाही, आणि विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या नेहमीच्या सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार होत्या. म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट घातलं. ते फुकट आहे आणि कमी ताकदीच्या यंत्रावरही बरं चालतं. एक माजी विद्यार्थी आणि त्याचे दोन मित्र दिवाळीच्या सुट्टीत ९ आणि १० नोव्हेंबरला दोन दिवस बसले. तिसरीच्या बाईंनी घरून फराळाचे डबे आणले होते. स्क्रॅच, म्हणजे सूचनांचे ठोकळे जोडून पडद्यावरची चित्रं हलवायला मुलांना शिकवणारा प्रोग्रॅम, त्याचं अधिकृत ऑफलाइन रूप लिनक्ससाठी नाही हे तेव्हा कळलं, मग ते ब्राउझरमधूनच वापरायचं ठरलं. त्यासाठी मुलांची खाती उघडावी लागत नाहीत, हे मला बरंच वाटलं.

लगेच सुरुवात मात्र झाली नाही. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, त्याआधी आमची प्रशिक्षणं, शाळेत मतदान केंद्र. लॅपटॉप वरच्या कपाटात कुलूपबंद. ते संपतं तोच अपार आयडीचं, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याच्या कायमच्या ओळख क्रमांकाचं काम. पालकांचं संमतीपत्र हवं, आणि शाळेच्या नोंदीतलं नाव आधारवरच्या नावाशी जुळलं पाहिजे. एकीकडे एक ए, दुसरीकडे दोन, एवढ्यानेही अडतं. पहिलीच्या ४६ मुलांपैकी किती जुळत नाहीत हे शोधायचं होतं. पहिलीच्या बाईंनी दोन स्तंभांत नावं घातली, वही उघडून तुलना लावली आणि १९ नावं वेगळी काढून यादी मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवली. मी त्या वेळी निवडणुकीचं मानधन जमा झालं का ते बघायला बँकेत गेले होते. परत आले तेव्हा काम झालेलं होतं.

२ डिसेंबर, सोमवार. चौथीची ३६ मुलं. एका वेळी निम्मी वर, निम्मी खाली अंगणात. वर १८ मुलं, ९ लॅपटॉप, तीन राखीव. एका लॅपटॉपवर दोघं: एकाचे हात, दुसऱ्याचे डोळे. डोळेवाल्याने फक्त सांगायचं, हात लावायचा नाही. दहा मिनिटांनी घंटा, अदलाबदल. अंगणातली मुलं फरशांवर खेळायची. एक मूल यंत्र, बाकीची त्याला सूचना देणार: दोन फरश्या पुढे, उजवीकडे वळ, एक फरशी पुढे. सूचना चुकली तर यंत्र तुळशीच्या कुंडीला जाऊन थडकतं आणि तिथेच थांबतं. मग चूक कुठल्या ओळीत होती ते शोधायचं. स्क्रॅचमधलं मांजर चालवताना हीच मुलं पटकन पुढे गेली.

मराठी टंकलेखनासाठी आम्ही इन्स्क्रिप्ट मांडणी घेतली. इंग्रजी स्पेलिंग करून मराठी उमटवायची पद्धत मोठ्यांना सोपी वाटते, पण चौथीतल्या मुलाला 'शाळा' लिहायला आधी इंग्रजी स्पेलिंगचा विचार करायला लावणं मला मान्य नव्हतं. इन्स्क्रिप्ट १९९१ पासून भारतीय मानक आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. आणि कळा बहुतेक भारतीय लिप्यांसाठी सारख्या. आमच्या वर्गात घरी कन्नड बोलणारी एक मुलगी आहे. के या कळीवर मराठीत क आणि कन्नडमध्येही क, हे कळल्यावर ती दुसऱ्या दिवशी आईला खोली दाखवायला घेऊन आली. कीबोर्डवर चिकटवायच्या मराठी अक्षरांच्या पट्ट्या घेऊ नका, महिन्याभरात निघतात. आम्ही प्रत्येक बाकावर कीबोर्डचं मोठं चित्र ठेवलं, मात्रा लाल, व्यंजनं निळी.

पहिला शब्द 'कमल'. के, सी, एन. तीन कळा, तीन अक्षरं. वर्गात टाळ्या. मग 'दिवस' आला आणि एका मुलीचा हात थांबला. ती कागदावर आधी वेलांटी काढते, मग द. इथे वेलांटी आधी दाबली तर पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ येत होतं आणि त्याला वेलांटी लटकलेली. संस्थेच्या कार्यालयातले लिपिककाका तेव्हा काही कागद घेऊन वर आले होते. त्यांची उमेदीची वर्षं मराठी टंकलेखन यंत्रावर गेली. ते वाकून म्हणाले, "बरोबरच आहे तिचं. वेलांटी आधीच असते." त्यांच्या यंत्रावर तसंच होतं: शाईने जे डावीकडे उमटायचं ते आधी. मुलगी पडद्याकडे बघत होती. तिने 'दिवस' स्वतःशीच हळू उच्चारलं, दोनदा. मग म्हणाली, "काका, तोंडात द आधी येतो. मग इ." आणि तिने ओ दाबलं, एफ दाबलं. दि. वेलांटी आपली आपण उडी मारून द च्या अलीकडे जाऊन बसली. काका खुर्ची ओढून तिच्या शेजारीच बसले. घंटा झाली तरी त्या जोडीत अदलाबदल झाली नाही, मीही ती मागितली नाही. पुढच्या महिन्यांत ते दर सोमवारी वर यायचे आणि जोडाक्षरं शिकवायचे. डी दाबला की अक्षराचा पाय मोडतो, हे त्यांचं वाक्य मुलांनी उचललं.

जानेवारीत दोन तास फक्त सावधगिरीवर घेतले. घरातल्या मोठ्यांच्या फोनचं कुलूप तुम्हाला उघडता येतं का, असं विचारलं तर ३६ पैकी २९ हात वर आले. म्हणून ओटीपी म्हणजे काय, तो कुणालाही का सांगायचा नाही, फसवणूक झाली तर १९३० या सायबर मदतक्रमांकावर फोन करायचा, हे नाटक करून दाखवलं. मुलांच्या आज्यांसाठीही हाच तास घेतला. आल्या नऊच, पण एकीने पर्समधून डायरी काढून १९३० मोठ्या आकड्यांत लिहून घेतलं.

फेब्रुवारी-मार्चमध्ये प्रत्येक जोडीने स्क्रॅचवर एक गोष्ट केली. एकाने पालखी केली. मांजराच्या डोक्यावर त्याने चित्रातच तुळस काढली आणि स्वतःच्या आवाजात "ज्ञानोबा माउली तुकाराम" ध्वनिमुद्रित करून चालण्याला जोडलं. मांजर पडद्याच्या टोकाला पोचलं की जप तुटायचा. दोन तास तो त्याच्यामागे होता. शेवटी त्याने पावलं कमी केली आणि वेळ वाढवला. जूनमध्ये मला तो प्रश्न विचारणारा मुलगा हाच.

सगळं जमलं असं नाही. १२ पैकी दोन लॅपटॉपच्या बॅटऱ्या मार्चमध्ये गेल्या, ते आता तारेवरच चालतात. नऊ लॅपटॉपवर एकदम स्क्रॅच उघडलं की इंटरनेट गुदमरतं, म्हणून दोन-दोन मिनिटांच्या अंतराने उघडतो. पहिली-दुसरीपर्यंत आम्ही पोचलोच नाही. एक शिक्षिका अजूनही शनिवारी येत नाहीत. त्यांच्या घरी आजारपण आहे, आग्रह करण्यासारखं नाही. जूनमध्ये मुलांची नवी तुकडी येईल, आणि ही चौथी दुसऱ्या शाळेत जाईल. तिथे त्यांना यंत्राला हात लावायला मिळेल की नाही, याची मला काळजी वाटते. निकालाबरोबर प्रत्येकाला त्याने टंकलेलं एक पान छापून दिलंय आणि मागे इन्स्क्रिप्टचं चित्र.

१ मे रोजी ध्वजवंदन झालं, निकाल वाटले, दुपारी खोली आवरली. लॅपटॉप मोजून कपाटात ठेवत होते तेव्हा पहिलीच्या बाई नोंदवही घेऊन आल्या. सुट्टीत घरी सराव करायचा म्हणाल्या, मोठ्या बाईंची परवानगी घेतली होती. मी कपाट उघडलं. त्यांनी स्वतः बॅटरी चांगली असलेला बघून निवडला, चालू करून पाहिला, बंद केला आणि नोंदवहीत लिहिलं: लॅपटॉप क्र. ७, चार्जर व माउससह, दि. १ मे, परत १३ जून. खाली सही.